बासष्टावी प्रदक्षिणा

एका परदेशी बाईंनी आमच्या चंडीगडवर काढलेल्या सिनेमाला तिकडे मोठं बक्षीस मिळालं, आणि त्यात चाळीस सेकंद मी आहे. माघातल्या एका रविवारी दुपारी तो इथल्या सभागृहात दाखवणार होते. आमच्या लेकीनं, चिन्मयीनं, तीन पास आणले. "मम्मी, तू तो स्टार है यार!" मराठी तिला सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीतच येतं.

यांचं मन सिनेमात नव्हतं. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली. परत पुण्याला बदली घ्यायची की इथंच राहायचं, ते सोमवारी ऑफिसात लिहून द्यायचं होतं. मला विचारलं तेव्हा मी नेहमीसारखंच म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं."

दिवे मालवले. पडद्यावर धुकं आलं, धुक्यातून तलाव वर आला, मग लांबच लांब रस्ते, माणूस म्हणून नाही. सेक्टर बावीसचा बाजारसुद्धा रिकामा! भल्या पहाटे जाऊन काढला असणार. मला हसूच आलं. ओढण्यांचे ढीग, रिक्षा, "बहनजी, देख तो लो" म्हणत मागं येणारे दुकानदार, सगळे गेले कुठं? पण बघता बघता हसू विरलं. स्वप्नात आपलंच घर दिसतं आणि एका खोलीतून दुसरीत जायला फार वेळ लागतो, तसं ते गाव माझ्यापुढून जात राहिलं.

मग मी आले.

चातुर्मासात माझा नेम असतो. स्नानानंतर बागेतल्या पिंपळाला एकशे आठ प्रदक्षिणा होईपर्यंत बोलायचं नाही. त्या सकाळी बाईंच्या दुभाषी मुलीनं मध्येच विचारलं, "आंटीजी, ये शहर आपको अपना लगता है?" मी थांबले. बासष्टावी चालू होती. आकडा सुटू नये म्हणून मनात बासष्ट, बासष्ट म्हणत शेंड्याकडे बघत राहिले. एवढंच झालं होतं. पडद्यावर मात्र तिचा प्रश्न, मग नुसती पानांची सळसळ, आणि भिंतीएवढा माझा चेहरा. जन्माचं काहीतरी मागं राहून गेल्यासारखा.

बाहेर पडताना एका अनोळखी बाईंनी माझे दोन्ही हात धरले. "कितना दर्द है जी आपकी आँखों में!"

चिन्मयी तोंड दाबून हसत होती. हे हसले नाहीत. झाडांखालून गाडीकडे जाताना म्हणाले, "उद्या पुण्याचं लिहून देतो."

"अहो, मौन होतं माझं. प्रदक्षिणा मोजत होते."

"ते कळलं मला. पण मौन नसतं तेव्हा तरी काय सांगतेस गं? बावीस वर्षं विचारतोय. आज पहिल्यांदा तुझं उत्तर बघितलं."

"पापा, छोड़ो ना," चिन्मयी म्हणाली. तिचंही हसू गेलं होतं.

ऊन उतरलं होतं. तुम्ही म्हणाल तसं, हे शब्द अगदी ओठांवर आले आणि माझी मलाच लाज वाटली. देवापाशी मी दिवसभर केवढं बोलते. या माणसाला मात्र साधं एक वाक्य दिलं नव्हतं.

"मला इथंच राहायचंय."

इतक्या हळू म्हणाले, की यांना मान वाकवावी लागली. "का?"

का ते मलाही शोधावं लागलं. "आत बसल्या बसल्या मला या गावाची आठवण येत होती. बाहेर गेल्यावर ते असेल ना, असं वाटत होतं सारखं."

हे चष्मा पुसत म्हणाले, "फॉर्ममध्ये कारणाचा रकाना आहे. तिथं हे कसं लिहू?"

"पत्नीची इच्छा, असं लिहा."

"सरकारी कागदावर?"

"हो," मी म्हटलं. या वेळी त्यांना वाकावं लागलं नाही.