पंकजाच्या हॉटेलातला शेवयांचा साचा

मी एक जुना शेवयांचा साचा आहे. बिडाचा, अंगाने बोजड आणि स्वभावाने जरा मानी. मित्रांनो, माझी हकिकत तुम्हाला सांगतो, पण रडगाणं मात्र गाणार नाही.

कर्जतच्या बाजारातून मी भीमाबाईंच्या घरी आलो. उन्हाळा लागला की भीमाबाई, रतनबाई, बनुबाई आणि मुक्ताबाई या चार मैत्रिणी आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे अशा शेवया करत. मी मात्र चारही घरी! मला लांब फळीवर आवळत आणि फळी हलू नये म्हणून दुसऱ्या टोकाला एखादं पोर बसवत. मुक्ताबाई रवा तिंबायच्या, रतनबाई माझा दांडा फिरवायच्या आणि पडणाऱ्या शेवया बनुबाई काडीवर झेलायच्या. फळीवरची जागा भीमाबाईंच्या नातीची, पंकजाची. ‘हलू नगं गं!’ हे तिने हजारदा तरी ऐकलं असेल. इतका बारीक धागा दुसऱ्या कुठल्या साच्याला जमत नाही, असं बायका म्हणत. मी फुशारून जायचो, खोटं कशाला बोलू?

पुढे घरोघर तयार शेवयांची पाकिटं आली आणि मी माळ्यावर गेलो. बारा वर्षं मला कुणाचा हात लागला नाही.

इकडे पंकजा मोठी झाली. सुप्याजवळच्या कारखान्यातल्या कोरियन साहेबांच्या गेस्ट हाउसात स्वयंपाक करता करता ती त्यांच्या तिखट चटण्या शिकली आणि तिने नगरात, सावेडीला, कोरियन पास्त्याचं हॉटेल काढलं. एक दिवस येऊन ती मलाही घेऊन गेली. मी हरखलो. वाटलं, आता पुन्हा कामाला लागायचं! पण तिने मला काचेच्या कपाटात ठेवलं आणि गळ्यात दिव्यांची माळ घातली. लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढू लागले. मित्रांनो, कामाच्या गड्याला नुसतं नटवून बसवणं यासारखी शिक्षा नाही. माळ्यावर निदान झोप तरी लागायची.

एका रविवारी दुपारी त्या चौघी मैत्रिणी तिथे जेवायला आल्या. पंकजा सकाळपासून धडपडत होती. आजीने आजवर तिच्या हातचं एकदाही नावाजलं नव्हतं. आज तिच्या तोंडून ‘बरं झालंय’ एवढंच तिला ऐकायचं होतं. लालभडक पास्ता टेबलावर आला. भीमाबाईंनी बोटाने चटणी चाखली, मग एक घास घेतला.

“चटनी झ्याक हाय. आपल्या लाल मिरच्यांच्या रंजक्याची मावसबहीणच जनू. पन ही शेवई कुटली?”

“पाकिटातली, आजी,” पंकजा हळूच म्हणाली.

“म्हून रबरावानी लागती.” भीमाबाईंची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. “आन् ह्यो काय आकाशकंदील हाय व्हय?”

पंकजाचं तोंड एवढंसं झालं. पण चौघी तोवर पदर खोचून उठल्याही होत्या.

त्यांनी मला आत नेलं, माळ काढली, सुईने एकेक भोक मोकळं केलं, तेल सोडलं. मुक्ताबाईंनी रवा घट्ट तिंबून ओल्या फडक्याखाली मुरवला. मग मला एका लांब बाकाला आवळलं. बाक डगमगायला लागलं.

“पंके, बस टोकाला,” भीमाबाई म्हणाल्या. “आन् हलू नगं!”

हॉटेलची मालकीण एप्रनसकट निमूट बसली.

रतनबाईंनी दांडा धरला. तो फिरेना. मला घाम फुटत असता, तर तेव्हाच फुटला असता. आता चुकलो, तर कपाटसुद्धा मिळणार नाही!

“गंजला गं ह्यो. भंगारात घाला,” रतनबाई म्हणाल्या.

“गप, रतने. माजा साचा हाय त्यो.” भीमाबाईंनी रतनबाईंच्या हातावर आपला हात ठेवला. दोघींनी जोर लावला. मी करकरलो, कण्हलो आणि फिरलो! पहिला काळपट गोळा त्यांनी फेकून दिला. दुसऱ्या गोळ्याला मात्र पांढरेशुभ्र, केसासारखे धागे सुटले.

“काडी आना, काडी!” ओरडत बनुबाईंनीच बाहेरच्या टेबलावरच्या जेवायच्या काड्या उचलून आणल्या आणि पडणाऱ्या शेवया त्यांवर झेलल्या. “या कोरियाच्या मानसांच्यात काड्या तर आयत्याच हायेत की!”

दारात जमलेल्या गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या.

ताज्या शेवया उकळून त्याच चटणीत पडल्या. चौघी पुन्हा टेबलाशी बसल्या. भीमाबाईंनी ताटली बोटाने निपटून काढली आणि नातीकडे पाहिलं.

“बरं झालंय,” त्या म्हणाल्या. मग रिकामी ताटली पुढे सारत, “लई बरं झालंय.”

पंकजा तडक आत आली आणि बाकाच्या त्याच टोकाला बसून हसत हसत रडली. बाक गदागदा हलत होतं.

आता मी रोज कामावर असतो. कपाटात नुसती दिव्यांची माळ लुकलुकते, आणि फोटोला लोक माझ्याकडे भटारखान्यात येतात. मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर माझा एखादा भाऊबंद पडला असेल. त्याला पाण्याने धुऊ नका, तेल द्या, आणि सजवू तर मुळीच नका. कामाला लावा. दुसऱ्या टोकाला एखादं पोर बसवा. ते हललं, तरी रागावू नका.