मिरामिशीची भीती

माझी लेक उल्का मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि दार लोटून म्हणाली, "आई, तूच घाबरव तिला. माझं ऐकत नाही."

माझी नात सानिका इथे आयर्लंडमध्ये, कासलबारच्या हॉस्पिटलात नर्स आहे. तिला कॅनडातल्या मिरामिशीहून नोकरी आली होती. उत्तर उद्या द्यायचं होतं. नदीकाठच्या त्या लहानशा शहरात मी निम्मं आयुष्य काढलं. हे तिथल्या कागद गिरणीत इंजिनियर होते. उल्का तिथेच वाढली आणि कॉलेजच्या निमित्ताने निघाली, ती कायमचीच.

बाहेर येऊन मी सानिकाजवळ बसले आणि थंडीपासून सुरुवात केली. "एवढी मोठी नदी, अख्खी गोठते. लोक बर्फावर लाकडी खोपटी ओढून नेतात, आत शेगडी पेटवतात आणि भोक पाडून मासे धरतात. तुझ्या आजोबांनी मला नेलं होतं. बर्फाला कान लावला, तर खाली पाणी बोलत होतं गं!"

उल्काने डोळे वटारले. मी आगीवर आले. दोनशे वर्षांपूर्वी तिथलं रान पेटलं, वस्त्या जळाल्या, माणसं नदीत गळ्याइतक्या पाण्यात उभी राहिली.

"आणि शेजारी गाई, हरणं, अस्वलं. तिथले म्हातारे सांगायचे, त्या रात्री कोणी कोणाला शिवलं नाही."

"अस्वलं? नो वे, आजी!" सानिका सरसावून बसली.

"ते बेट सांग," उल्का घाईने म्हणाली.

नदीतल्या त्या बेटावर दुष्काळातून निघालेल्या आयरिश माणसांना जहाजातून उतरवलं होतं. जहाजभर ताप. गावातला एक तरुण डॉक्टर त्यांची शुश्रूषा करायला तिथे जाऊन राहिला आणि त्याच तापाने गेला. गेलेल्यांना तिथेच पुरलं; त्या गवतात मी चपला काढून उभी राहिले होते.

सानिका हळूच म्हणाली, "इथली माणसं."

"आणि गिरणी बंद पडली, ते?" उल्का.

"पडली. बरीच मुलं बाहेर गेली. पण नदीला त्याचं काय? एप्रिलमध्ये सॅमन समुद्रातून वर चढतातच."

"एप्रिलमध्ये कुठे, आई? जूनमध्ये! बाबांबरोबर पुलावर उभी राहून मी..." उल्का थांबली. तिचे डोळे भरले होते.

तिने नाक पुसलं आणि लेकीवर खेकसली, "तुझा इथला कोट तिथे चालायचा नाही. शनिवारी दुकानात जाऊ."