टेस्टिंगला बोललेलं

शाळेतली पोरं बाईंना पाठीमागे 'कट-बाई' म्हणायची आणि बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. बावीस वर्षं बातम्यांच्या चॅनलसाठी कॅमेरा वाहून त्यांचा उजवा खांदा कामातून गेला, तेव्हा कुठे त्या पोरांना व्हिडिओवर बातमी करायला शिकवू लागल्या. शिकवायच्या मात्र जीव ओतून. पहिल्याच दिवशी कॅमेरा हातात द्यायचा आणि चुकलं की सगळ्यांदेखत बिनपाण्यानं करायची, असा खाक्या.

नववीतल्या एका मुलीवर त्यांचा भारी जीव. पोरगी अबोल, पण नजर तयार. तिनं विषयच असा आणला की बाई सरसावून बसल्या. तिची आई हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत कामाला होती. आग लागली तर पळायला तिथं जे मागचं दार होतं, त्याला मुकादम दिवसभर कुलूप घालून ठेवायचा. का, तर चादरी चोरीला जातात म्हणे! आई कॅमेऱ्यापुढे बोलायला तयार झाली, पण ओळख फुटता कामा नये या अटीवर. घरात कमावणारी ती एकटीच होती. नवरा तीन वर्षं अंथरुणाला खिळलेला.

बाईंनी काळजी घेतली, नाही असं नाही. आईला खिडकीकडे पाठ करून बसवलं, म्हणजे चेहरा अंधारात राहील. आवाजही नंतर बदलायचा ठरला. माइक लावून झाल्यावर पोरीनं शिकवल्याप्रमाणे नेहमीचा प्रश्न विचारला, "आई, सकाळी काय खाल्लंस? टेस्टिंग आहे, काहीही बोल."

आई हसली. "खातेय कसली! यांचं अंग पुसायचं, भरवायचं, कूस बदलायची, की झाली निघायची वेळ. यांना आत ठेवून बाहेरून कुलूप लावते नि पळते. तिकडे आम्हाला कुलूप, इकडे यांना."

एडिटिंगला बसल्यावर बाईंनी ते पाच वेळा ऐकलं. "अगं, सोनं आहे हे सोनं! इथूनच सुरुवात कर."

"पण बाई, आई ते टेस्टिंगला बोलली होती."

"माणूस खरं बोलतो तो टेस्टिंगलाच. चेहरा नाही, आवाज बदललाय. कोण ओळखणार आहे?"

पोरीनं मान खाली घालून ते बोलणं सगळ्यात आधी लावलं.

ओळखायला कसला आलाय वेळ! लाँड्रीत एकोणीस बायका, त्यात नवऱ्याला कुलूप लावून येणारी एकच. सोमवारी व्हिडिओ शाळेच्या पानावर चढला आणि बुधवारी आईला घरी बसवलं. बाईंनी तो घाईघाईनं काढून टाकला, पण तोवर तो ज्याच्या त्याच्या फोनवर पोचला होता. मागच्या दाराचं कुलूप जिथल्या तिथं होतं. बाई लाँड्रीत भांडायला गेल्या, तर त्यांना फाटकातूनच वाटेला लावलं.

पोरगी आठवडाभर शाळेत आली नाही, तेव्हा बाई तिच्या घरी गेल्या. खोली एकच. आई पलंगाशी बसून नवऱ्याला चमच्यानं भरवत होती. कोपऱ्यात पोरगी कपडे पिळत होती, तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

"बसा बाई," आई म्हणाली. "तुमचा काय दोष? आमचंच नाणं खोटं. आईचं घरातलं बोलणं चव्हाट्यावर मांडलंन. आठ दिवस झाले, मी बोलत नाही हिच्याशी."

म्हणजे पोरीनं बाईंचं नावच काढलं नव्हतं! गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं, आणि खोटं कशाला सांगा, क्षणभर त्यांना गप्प राहावंसंच वाटलं.

"ते मी घालायला लावलं," त्या शेवटी म्हणाल्या. "ती नको म्हणत होती. अगदी सांगितलंन मला, आई टेस्टिंगला बोलली होती म्हणून."

आईचा चमचा थांबला. आता ही आपल्याला फैलावर घेणार, घराबाहेर काढणार, असं बाईंना वाटलं. काढलं असतं तर बरंच झालं असतं. पण आईनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. आठ दिवसांत पहिल्यांदा तिनं लेकीकडे पाहिलं.

"नको म्हणत होतीस?"

पोरीनं हो म्हणून मान हलवली.

"म्हणजे कळत होतं तुला, तरी केलंस," आई म्हणाली आणि नवऱ्याला भरवू लागली.