घोरपडीच्या कमानीतला बोल्ट

मित्रांनो, उभ्या गाडीखाली कधी वाकून पाहिलंय का? पाहिलं असेल तर चिखल दिसला असेल, तेलाचे ओघळ दिसले असतील. मी काही दिसलो नसेन. मी एक जुना बोल्ट आहे, लांबीला तुमच्या तळहाताएवढा आणि जाडीला मोठ्या माणसाच्या अंगठ्याएवढा. डोंगर चढणाऱ्या एका जीपच्या मागच्या डाव्या चाकावर पोलादी पाट्यांची कमान आहे. खड्डा आला की ती दबते आणि पुन्हा उसळते. तिला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवायचं, हे माझं काम. मी रस्ता असा कधी पाहिला नाही. पण खडी कुठली, वाळू कुठली आणि ओढ्यातले गोटे कुठले, हे मी धक्क्यावरून सांगू शकतो.

माझा जन्म कारखान्यातला. सळईच्या लालबुंद तुकड्याला एका दणक्यात षटकोनी डोकं मिळालं, मग अंगावर मळसूत्री आटे उमटले. भट्टीत तापवून मला तेलात बुडवलं, तेव्हा मी कणखर झालो. शेवटी जस्ताचा मुलामा चढला. माझ्या डोक्यावर आठ, टिंब आणि पुन्हा आठ असं कोरलेलं होतं.

“हे काय असेल?” मी शेजारच्या बोल्टाला विचारलं.

“आडनाव असेल,” तो म्हणाला. “बघ ना, सगळ्यांचं एकच आहे.”

मला ते पटलं. पुष्कळ वर्षं मी ते माझं आडनावच समजत होतो.

आमची जीप एका गुरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. उभ्या चढाला ती चिकटून चढायची, म्हणून बाईंनी तिचं नाव घोरपड ठेवलं. डोंगराच्या माथ्यावर मोठं पठार होतं आणि तिथे मेंढ्यांचे कळप होते. कुणाची मेंढी अडली, कुणाच्या गाईचा पाय मोडला, की घोरपड निघालीच. कधी मागे आजारी वासरू असायचं, कधी औषधांच्या पेट्या, कधी चिखलात बसलेली दुसऱ्याची गाडी दोरानं ओढायची असायची. सगळा भार कमानीवर आणि कमानीचा माझ्यावर. वर पोचलं की बाई गाडीच्या पाठीवर थाप मारून म्हणायच्या, “शाब्बास गं घोरपडे!” ती थाप माझ्यापर्यंत पोचायची. तिच्यातला थोडा वाटा माझा, असं मी धरून चालायचो.

मग बाईंचे गुडघे दुखायला लागले. त्या निवृत्त झाल्या. घोरपड घरामागच्या शेडमध्ये उभी राहिली आणि तिच्यावर ताडपत्री पडली. ओल माझ्या मुलाम्याखाली शिरली. आधी पांढरी भुकटी धरली, मग तांबूस गंज. बाई कधीमधी शेडमध्ये येऊन उभ्या राहायच्या. पठारावर त्यांची एक मैत्रीण होती, साऱ्या जन्माची मेंढपाळ. ती आता खाली उतरू शकत नव्हती आणि या वर चढू शकत नव्हत्या. दुसरी कुठलीही गाडी त्या वाटेनं जात नसे.

एक दिवस ताडपत्री सर्रकन ओढली गेली. बाईंचा भाचा आला होता. तो दातांचा डॉक्टर, हौशी आणि भलताच टापटिपीचा. बरोबर त्याची बायको होती. ती मोटारींच्या गाद्या शिवायची आणि तिला कुठल्याही गोष्टीत ‘पण का?’ विचारायची सवय होती.

“आत्या, तुला मी वर नेणार म्हणजे नेणार,” भाचा म्हणाला आणि पाने घेऊन गाडीखाली शिरला. मला सोडवताना त्याला घाम फुटला. “यापेक्षा अक्कलदाढ काढणं सोपं!” तो खालूनच ओरडला.

मी बाहेर आलो आणि थेट पत्र्याच्या डब्यात पडलो. डब्यात आम्ही सगळेच गंजके होतो. वर बाकावर नवे बोल्ट रांगेत मांडलेले होते, चमच्यांसारखे लखलखीत.

“हे जुने सगळे भंगारात,” भाचा म्हणाला. “हे स्टेनलेसचे बघ. पावसात ठेव, चिखलात ठेव, गंज नाही.”

“चांगलं आहे रे,” बाई म्हणाल्या. “पण गाडीखाली आरसा बघायला कोण जाणार आहे?”

“तसं नाही गं. एकदा बसवले की परत हात लावायला नको.”

“हात लावायला नको अशी गाडी अजून जन्माला यायचीय. तू दातांचा डॉक्टर, मी गुरांची. आपल्या दोघांनाही यातलं कळत नाही, एवढं मात्र विसरू नकोस.”

खरं सांगू, मित्रांनो? मला त्या नव्या बोल्टांचा राग आला नाही. मला नवल वाटत होतं. न गंजता राहायचं कसं, हे मला जाणून घ्यायचं होतं.

पहिला गोंधळ दिवा बसवताना झाला. भाच्यानं स्टेनलेसच्या बोल्टावर स्टेनलेसचाच नट कोरडा फिरवला. पाना झपाझप ओढला आणि नट मध्येच जाम झाला. पुढे जाईना, मागे येईना.

“गंज नाही, मग अडकला कसा?” बायकोनं विचारलं.

“तेच तर!” भाचा डोकं खाजवत म्हणाला. कोरडे आटे घासून एकमेकांत रुतले होते. शेवटी बोल्ट कापावा लागला. पुढचे नट त्यानं ग्रीस लावून सावकाश फिरवले, ते नीट बसले.

चाचणीचा दिवस आला. घराजवळ खाणीचा एक जुना चढ होता. भाचा स्टिअरिंगवर बसला, बायको शेजारी. मला आणि उजव्या चाकावरच्या माझ्या सोबत्याला मागच्या हौद्यात डब्यासकट ठेवलं होतं. भंगारवाल्याचं दुकान त्याच वाटेवर पुढे होतं. बाई काठी टेकून चढाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. आमच्या जागी आता चकाकणारे दोघे होते.

गाडी चढू लागली. अर्ध्या चढावर डावं चाक एका मोठ्या दगडावरून खाली आपटलं आणि मागून आवाज आला, खट्ट!

“थांब!” बाई खालून ओरडल्या. “ब्रेक दाब! ब्रेक सोडू नकोस!”

गाडी डावीकडे कलली. डबा घसरत फळीवर आदळला. बायकोनं उडी मारली, धावत दोन दगड आणले आणि चाकांमागे सारले. मग भाचा उतरला. त्यानं वाकून पाहिलं. माझ्या जागचा चकाकता बोल्ट केळ्यासारखा वाकला होता आणि कमान जागची सरकली होती.

“उद्या तू बसणार होतीस यात,” भाचा म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

“आज तुम्ही दोघं बसला होतात,” बाई म्हणाल्या. “आता रडू नको. का वाकला ते बघू.”

गाडी ओढून घरी आणली. बायको म्हणाली, “वाद कशाला? एक नवा आणि एक जुना, दोघांनाही वाकवून बघू.” जुन्यांतला ज्याचे आटे झिजले होते तो निवडला. आधी नव्याला बाकावरच्या पकडीत घट्ट धरलं आणि वर लांब पाइप घातला. बायकोनं एकटीनं ओढलं, तो वाकला. मग जुना धरला. तिनं ओढलं, काही झालं नाही. दोघांनी मिळून जोर लावला तेव्हा कुठे तो जरासा हलला.

“याच्या डोक्यावर आठ-आठ का लिहिलंय?” तिनं विचारलं आणि मोबाइलवर शोधून काढलं. ते आडनाव नव्हतं, मित्रांनो! ते माझं बळ होतं. किती ओढलं तर मी तुटेन आणि त्याआधी किती ताण सोसेन, हे त्या आकड्यांत लिहिलेलं होतं. भाच्यानं दुकानातून आणलेले स्टेनलेसचे बोल्ट गंजाला दाद देत नव्हते, पण ताणाला माझ्याआधी वाकत होते.

भाचा एकदम हसला. “अरे, हे तर मी रोज करतो! समोरच्या दातात जे भरतो, ते दाढेत भरत नाही. दाढ चावते.”

मग बोल्टांचे दोन ढीग झाले. दिवे, काचेची चौकट, नंबराची पाटी अशा पाऊस झेलणाऱ्या जागा स्टेनलेसला मिळाल्या. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याजवळ मात्र मध्ये रबरी चकत्या घातल्या, कारण ओलीत ते दोन धातू चिकटले तर अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. कमानी, ब्रेक आणि स्टिअरिंगचं काम आमच्या आठ-आठच्या पोलादाकडे आलं.

पण जुने म्हणून आम्हाला सरसकट घेतलं नाही. भाच्यानं गंज साफ केला, दवाखान्यातलं भिंग डोळ्यांना लावलं आणि दातांची अणकुचीदार सळई माझ्या आट्यांतून फिरवली.

“कीड नाही,” तो म्हणाला.

माझ्या उजव्या सोबत्याच्या मानेशी मात्र केसाएवढी चीर निघाली. इतकी वर्षं आम्ही एकाच आसावर दोन बाजूंना भार पेलला होता. त्याच्या जागी आठ-आठचाच नवा बोल्ट आला. मला वाईट वाटलं. पण चीर पाहूनही त्याला परत बसवलं असतं, तर ते प्रेम ठरलं नसतं.

मी परत माझ्या जागी बसलो आणि बाईंना घेऊन घोरपड पठाराकडे निघाली. खडी आली, वाळू आली, ओढ्यातले गोटे आले. मी एकेक ओळखत गेलो. शेवटचा चढ संपला आणि गाडी थांबली. पठारावर वारा होता. बाईंची मेंढपाळ मैत्रीण काठी टेकत लगबगीनं येत होती.

“अगं, उतर की! किती वर्षांनी आलीस!” ती हाका मारत होती.

बाई भाच्याला म्हणाल्या, “पाना काढ. नवीन बसवलेलं पहिल्या धक्क्यांनी सैल होतं.”

“आधी मला भेट तरी!”

“भेटते गं. परत जाऊन पुन्हा यायचंय मला.”

भाचा खाली शिरला. पाना माझ्या डोक्यावर बसला आणि मी पाव फेरा फिरलो. बाहेर दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. ते मला दिसलं नाही, पण काठ्या पडल्याचा आवाज आला.

मित्रांनो, एखादी वस्तू टाकताना किंवा नवी आणताना तिला कुठलं ओझं पेलायचंय, ते आधी विचारा. आणि एकदा घट्ट बसवलं म्हणून तिला विसरू नका. माझ्यासारख्याला फार काही लागत नाही. थोडं ग्रीस लागतं आणि वाकून बघणारं कुणीतरी लागतं.