चौदा तास खुर्चीत

इंदुमती तायडे जयपूर स्टेशनच्या चौकशी खिडकीत एकोणतीस वर्षं बसल्या होत्या. कुठली गाडी कधी सुटते, किती तास लागतात, हे हजारो लोकांनी त्यांना विचारलं होतं. त्यामुळे दुर्गापुऱ्यातल्या घरी मुलगा संकल्प त्यांनाच अंतरं ऐकवू लागला, तेव्हा त्यांचं डोकं फिरलं.

"आई, टोरंटो साडेअकरा हजार किलोमीटर आहे. दिल्लीपर्यंत गाडीनं पाच तास, पुढे विमानात चौदा. मतलब, एकाच जागी! तुझे गुडघे बघ जरा."

"गुडघे माझे आहेत. मी बघीन त्यांचं."

टोरंटोत त्यांची मुलगी रूपाली बेचाळिसाव्या वर्षी लग्न करत होती. नवरा तिथलाच, एक विधुर मास्तर. "आई, ये गं," एवढंच ती फोनवर म्हणाली होती. व्हिसा हातात आला होता, पण तिकिटाचा विषय निघाला की संकल्प आईच्या गुडघ्यांचा विषय काढायचा.

रविवारी सकाळी सहाला इंदुमतींनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला लावली आणि ऐसपैस बसल्या.

"रात्री आठपर्यंत मी इथून हलणार नाही. बाथरूमला जाईन, विमानातही जातातच."

"हे काय नाटक, आई?"

"तुला तास मोजायचेत ना? मोज."

सून प्रणितानं हसू दाबत ताटलीत पोहे आणून दिले. दुपारी पाय जड झाले, तेव्हा इंदुमती बसल्या बसल्या टाचा वर-खाली करत राहिल्या. चारच्या सुमाराला कंबरेत अशी कळ आली की डोळ्यांत पाणी तरळलं. संकल्प पुढे झाला.

"पुरे आता. ऊठ."

"दहा तास झालेत. आता माघारी कुठे फिरू?"

तो समोर जमिनीवर बसला. आणि त्याचा बांध फुटला. "तू गेलीस की सगळे म्हणणार, आईचीच संमती होती. ना जातीचा, ना भाषेचा! भुसावळला काकांना काय तोंड दाखवू मी?"

"म्हणजे गुडघ्यांचं काहीच नव्हतं तर," इंदुमती शांतपणे म्हणाल्या. "माझी संमती आहे, संकल्प. लपवायची नाहीच मला. काकांना मीच फोन करते. आण इकडे तो मोबाइल."

खुर्चीतूनच त्यांनी दिराला फोन लावला. रूपालीचं लग्न, नवऱ्याचं नाव, तारीख, सगळं खणखणीत आवाजात सांगितलं. पलीकडून आरडाओरडा सुरू झाला. "भावजी, आशीर्वाद द्यायचा असेल तर द्या, नसेल तर ठेवते," असं म्हणून त्यांनी ठेवूनही दिला.

आठ वाजता त्या उठल्या. पाय लटपटले, तशी भिंत धरली. संकल्पचा हात मात्र धरला नाही. तो खाली मान घालून उभा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रणितानंच तिकीट काढलं. संकल्प दिल्लीपर्यंत सोडायला गेला.

जूनमध्ये टोरंटोच्या नोंदणी कार्यालयात साक्षीदाराच्या जागी इंदुमतींनी ठसठशीत देवनागरीत सही केली. कारकुनानं चष्मा वर करून ती अक्षरं पाहिली. रूपाली इंग्रजीत काही समजावू लागली.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "माझं नाव आहे ते. असंच लिहितात."