चार बोटं पाणी

वरचा बंधारा बंदूकवाल्यांनी घेतल्यापासून फुरात नदी रोज चार बोटं उतरत होती. तीन नाही, पाच नाही, चार. तहानेनं मारणार म्हणून अख्खं गाव रांजण भरत सुटलं होतं. सबरीयाच्या डोक्यात मात्र भुंगा शिरला होता. नवरा गेल्यापासून काठावरची मोजपट्टी तीच वाचायची, गेली वीस वर्षं. मारायचंच आहे तर मेले दारं एकदम बंद का करत नाहीत? इतकं मापून कशाला?

सहाव्या सकाळी पट्टीवरची एक जुनी रेघ उघडी पडली आणि तिला हसूच आलं. दुष्काळाच्या साली तिचं वऱ्हाड पलीकडून पायी आलं होतं. तेव्हाच्या पाण्याची ही खूण नवऱ्यानं हौसेनं कोरली होती. मग हसू विरलं. नदीला उतार झाला होता, माणसं पायी पार होतील असा.

ती तडक पुलावर गेली. तिथे बारा जणांचा पहारा होता आणि त्यांचा म्होरक्या होता तिच्या बहिणीचा मुलगा, मुनीर. दोन्ही मशीनगनांची तोंडं रस्त्याकडे. ती नदीकडे वळवा, असं सबरीयानं सांगितलं.

"नदीतून कोण येणार, खाला? मासे?" चहात पाव बुडवत मुनीर म्हणाला. बाकीचे खिदळले.

"नवरी आली होती की!"

"तेव्हा कोवळी होतीस. आता वाहून गेलीस तर भेंडीचा रस्सा कोण करणार?"

"तुझी आई. खा तिच्या हातचा, मग रडशील माझ्यासाठी."

एवढं बोलून तिनं अबाया खोचला आणि सरळ पाण्यात शिरली. मुनीर ओरडत काठापर्यंत धावला. पाणी गुडघ्याला, मांडीला, मध्यावर कमरेला लागलं आणि पुढे कमीच होत गेलं.

पलीकडे बोरूच्या बेटात एक काठी रोवलेली होती. तिच्यावर चार-चार बोटांच्या अंतरानं खाचा. सहा उघड्या, सातवी पाण्याखाली आणि तिला लाल दोरा. सबरीयानं ओळखलं, दोरा उघडा पडला की ते इथूनच नदीत उतरणार. तरी मनात आलंच, माणूस नेटका आहे हो. उपटायला गेलेला हात तिनं आवरला. दुसऱ्याची पट्टी हलवायची नसते, हे नवऱ्यानंच शिकवलं होतं. शिवाय आपण पाहिलंय हे त्यांना कशाला कळू द्या?

ती परतली तेव्हा थंडीनं दात वाजत होते. तशातच तिनं काठीचं आणि लाल दोऱ्याचं सांगितलं.

"दोरा किती खाली आहे?" मुनीरनं विचारलं. आता तो हसत नव्हता.

तिनं ओला हात पुढे केला, अंगठा मुडपून.

"म्हणजे उद्या," मुनीर म्हणाला आणि मशीनगन नदीकडे वळवायला त्यानं स्वतःच खांदा लावला.