भावाचं नाव

अप्पांना मारलं तेव्हा पडद्यावर विहीर होती.

रविवार, दुपारचे साडेबारा. बिदरजवळच्या कोळार औद्योगिक वसाहतीतलं रिकामं गोदाम. खिडक्यांना पोती लावून केलेल्या अंधारात ऐंशी माणसं बसली होती. सिद्धलिंग तिसऱ्या रांगेतून उठला, शटर ओढायची लोखंडी सळई उचलली आणि माईकपाशी बसलेल्या अप्पांच्या डोक्यात घातली. पहिल्या घावाचा आवाज माईकमधून आला. दुसऱ्याचाही. तिसऱ्याच्या आधी माईक खाली पडला.

"तुला कुणी सांगितलं?" तो ओरडत होता. "कुणी सांगितलं तुला?"

मी दारातून धावले. पोचले तोवर अप्पांचा चष्मा त्यांच्या गालात रुतला होता. सिनेमा काळा-पांढरा होता, त्याच्या उजेडात रक्ताला रंग नव्हता.

अप्पा, म्हणजे आप्पाराव, माझे वडील; बाकी सगळ्यांचे अण्णा. बिदरच्या एका टॉकीजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होते. टॉकीज बंद पडली तेव्हा त्यांनी हा फिल्म क्लब काढला. दर रविवारी एक जुना सिनेमा, कुठल्यातरी लांबच्या देशातला. बघायला हमाल, डाळमिलमधले कामगार, शेजारच्या नौबाद वस्तीतल्या बायका. पडद्याखालची इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नसत. मी कॉलेजात शिकवते. मी संवाद मराठीत उतरवून द्यायची आणि अप्पा ते माईकवर बोलायचे, मध्येच दखनीत, मध्येच कन्नडमध्ये. परदेशी नावं कुणाच्या ध्यानात राहत नसत, म्हणून पात्रांना आमच्यातलीच नावं द्यायची पद्धत पडली. दारात मी चिठ्ठ्या लिहायची.

"मला फौजदार कर, अक्का."

"आन ह्याला घोडा करा. लाथा लई मारतो."

खुन्याचं नावसुद्धा लोक हौसेनं मागून घ्यायचे. अप्पांचा नियम एकच होता. नाव बदलायचं, बोलणं बदलायचं नाही.

त्या रविवारी सिद्धलिंगची आई चन्नव्वा त्याला घेऊन आली होती. हा सिनेमा तिनं उन्हाळ्यात एकदा पाहिला होता आणि परत लावा म्हणून अप्पांच्या मागे लागली होती. ती चिठ्ठी लिहायला माझ्यापाशी वाकली.

"त्या भावाचं नाव सिद्धलिंग ठिव, माय."

"मावशी, तो बहिणीला मारतो."

"मारू दे. ठिव."

दारात गर्दी होती. मी हसले आणि लिहिलं. दोन वर्षांमागे तिची लेक अंबिका पाय घसरून विहिरीत पडली, हे नौबादला सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. तरी ती चिठ्ठी माझ्या अक्षरात आहे.

सिद्धलिंग तीन महिन्यांत जामिनावर सुटला. कोळारला हमाल पुरवायचा ठेका त्याचा. त्याला नको असलेल्या माणसाला इथं काम मिळत नाही. ऐंशी माणसांनी पोलिसांना एकच सांगितलं, अंधार हुता. चन्नव्वानं तर मान वर केली नाही. वकील म्हणाले, मयताच्या पोरीच्या एकटीच्या साक्षीवर समोरचे वकील तुटून पडतील, आणखी एक माणूस हवा. मला तेवढंच हवं होतं. एक माणूस.

प्रोजेक्टर चालवणारा मल्लेश घरी आला. "सिनेमा अर्धा ऱ्हायलाय, अक्का. अण्णानं कधी अर्धा ठिवला न्हाई."

आम्ही रविवार ठरवला. गुरुवारी सिद्धलिंगच्या दोन माणसांनी मल्लेशचा उजवा हात ट्रकच्या मागच्या फाळक्यात धरला आणि फाळका आपटला. तीन बोटं मोडली. मी दवाखान्यात गेले तर म्हणाला, "कामून रडायलीस? बटन डाव्या हातानं बी दबतंय."

रविवारी तीसेक माणसं आली. सिद्धलिंगही आला. जामिनाच्या अटी त्याला कुणी वाचून दाखवल्या नसाव्यात. हाताची घडी घालून तो शटरपाशी उभा राहिला. चन्नव्वा आली तेव्हा मी सवयीनं विचारलं, "आज कुणाचं नाव?"

"आईचं. माझं ठिव."

मी अप्पांच्या जागेवर बसले. फरशीवरचा डाग पायाखाली होता. पडद्यावर भावानं बहिणीला केसांना धरून विहिरीपाशी ओढत नेलं. तिनं काठ धरला. त्यानं टाचेनं तिची बोटं ठेचली, एकेक करून, आणि दाराआडून आई ते बघत राहिली. मग पोलीस आले. आईनं तोंड उघडलं.

ती ओळ मी बदलू शकत होते. कागद माझा होता, आवाज माझा होता, आणि तिथं कुणालाही इंग्रजी येत नव्हतं. पण मी जशी होती तशीच वाचली. "चन्नव्वा म्हणते, मला कायबी दिसलं न्हाई, साहेब. मी चुलीपाशी हुते."

सिनेमा संपला. मल्लेशनं दिवा लावला. कुणी उठेना.

"खोटं हाय ते," चन्नव्वा म्हणाली.

"सिनेमा हाय, मावशी," कुणीतरी म्हणालं.

"मला दिसलं हुतं." ती उभी राहिली होती. "अंबिकाचं बी. आप्पाराव अण्णाचं बी." मग ती माझ्याकडे वळली. "तेला लाज वाटंल म्हणलं मी. चार माणसात नाव निघालं की रडंल, पाय धरंल. तुझ्या बापाला मारंल असं न्हाई वाटलं, माय."

सिद्धलिंग खुर्च्या लाथाडत आला. त्यानं आईच्या झिंज्या धरल्या आणि तिचं तोंड खुर्चीच्या कडेवर आपटलं. मल्लेश मध्ये गेला, पोटात लाथ खाऊन पडला. मग एक हमाल उठला. मग चार. मग सगळेच. ज्या हातांनी ते त्याच्या शब्दावर पोती उचलत, त्याच हातांनी त्यांनी त्याला धरलं, पाडलं आणि मग पायांनी तुडवलं. त्याचा जबडा मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मी थांबवायला हवं होतं. थोडा वेळ मी थांबवलं नाही.

मग माईक हातात घेतला. "पुरे. मला तो जिता पायजे. कोर्टात."

ते बाजूला झाले. सिद्धलिंग पालथा पडून रक्त थुंकत होता. एकानं पोलिसांना फोन लावला. दोघं त्याच्या पाठीवर बसून राहिले.

चन्नव्वा माझ्या शेजारी येऊन बसली. ओठ फाटला होता. पदर तोंडाला लावत म्हणाली, "पोलीस येईपतूर लिहून घी. मागनं माझं मन फिरंल."

मी कोरा कागद घेतला.

"नाव?" मी विचारलं.

"चन्नव्वा," ती म्हणाली. "अंबिकाची आई."